सात मेंढ्यांचं बाळंतपण

माझ्या आईने आयुष्यात कधी गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. तिचं माहेर पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर, आणि जनावर म्हणजे गल्लीतली मांजर. त्यामुळे एका हिवाळ्यात तिने सात गाभण मेंढ्यांची जबाबदारी आपण होऊन अंगावर घेतली, हे मी आज कुणाला सांगितलं तर लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावते आहे. लावत नाही. उलट काही गोष्टी गाळते आहे, कारण आई अजून हयात आहे, शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पलीकडच्याच खोलीत बसली आहे, आणि तिचं वाचन माझ्यापेक्षा जास्त आहे.

आम्ही तेव्हा शारजाजवळ हमरियाला राहायचो. आता तिथे फ्री झोन आहे, मोठाल्या क्रेन आहेत, कंटेनरच्या रांगा आहेत. माझा जावई त्याच रस्त्याने कामाला जातो आणि त्याला मी दर वेळी सांगते की इथे नुसती वाळू होती, तर तो नुसती मान हलवतो. वाळू होती, समुद्र होता, ओढून वर ठेवलेल्या होड्या होत्या, एक मशीद, एक ग्रोसरी आणि दूरदूर पसरलेली घरं. बाबांच्या कंपनीने त्यातलंच एक घर घेऊन आम्हाला दिलं होतं, कारण मागच्या अंगणात कंपनीचं स्टोअर होतं आणि ते सांभाळायला कुणीतरी घरचं माणूस हवं होतं. बाबा डक्टिंगच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर. मोठ्या इमारतींत गार हवा कुठून आत यावी आणि शिळी हवा कुठून बाहेर जावी, हे ठरवणं हा त्यांचा धंदा. दिवसभर ते पत्र्याच्या मोठमोठ्या नळकांड्यांमधून लोकांसाठी वारा खेळवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन, आईने सगळ्या खिडक्या लावून घेतलेल्या घरात, निमूट वर्तमानपत्र वाचत बसायचे. घरातल्या हवेवर सत्ता आईची होती. वारा लागतो, वारा बाधतो, वाऱ्यात बसू नकोस, एवढं वायुशास्त्र तिला पुरेसं होतं.

आमच्या कुंपणाला लागून उम्म राशिदचं घर होतं. ती आईपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी असेल. चेहऱ्यावर तिकडच्या बायका नाकाकपाळावर बांधतात तो पितळी रंगाचा बुरखा, त्यातून दिसणारे हसरे डोळे, आणि बोटं मेंदीने कायम विटकरी. नवरा मासेमारी करायचा, मुलगा राशिद अबूधाबीला सैन्यात होता. तिला हिंदी येत होती, म्हणजे तिची ती स्वतःची हिंदी, जिच्यात बाई, माणूस, मेंढी सगळे पुल्लिंगी. आई तिच्याशी आपली पुणेरी हिंदी बोलायची. दोघींचं काय जमायचं देवाला ठाऊक, पण जमायचं हे खरं. तिकडच्या रीतीप्रमाणे ती आईला थोरल्या अपत्याच्या नावाने हाक मारायची, म्हणजे माझ्या. उम्म नीता, नीताची आई. पुढे माझा भाऊ मंदार झाला तेव्हा ग्रोसरीवाल्यापासून सगळे आईला उम्म मंदार म्हणायला लागले. उम्म राशिदने मात्र हाक बदलली नाही. मुलगा झाल्यावर माझं नाव मागे पडलं नाही ते एका तिच्याच तोंडी, आणि अकराव्या वर्षी मला ते फार मोठं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

मंदारच्या वेळचीच गोष्ट आधी सांगायला हवी, त्याशिवाय मेंढ्यांचं कळणार नाही. बाळंतपणाला पुण्याहून आजी यायची होती. तिकीट आलं, व्हिसा आला आणि आजी जिन्यात पाय मोडून घेऊन बसली. आई एकटी. बाबांना चहाच्या पलीकडे काही येत नव्हतं, मी शाळेत. आई हॉस्पिटलमधून घरी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी उम्म राशिद कुंपणाच्या दारातून झाकलेलं पातेलं घेऊन आली. त्यात दाटसर, तपकिरी, तुपाने चमकणारी पेज होती. आई घाबरतच होती, न जाणो काय असेल. एक चमचा तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अळीव! तिकडे ज्याला रशाद म्हणतात ते बी म्हणजे आपलेच अळीव. दुसऱ्या दिवशी हिलबा आणला, ती आपली मेथी. दोन हजार किलोमीटर लांब राहिलेलं माहेर असं पातेल्यात घालून रोज कुंपणापलीकडून येत होतं. सव्वा महिना त्या बाईने आईला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. मंदारला न्हाऊ घातलं, माझी वेणी घातली, बाबांसाठी मासे तळून पाठवले. बाबा घरात शाकाहारी होते, उम्म राशिदच्या हातचं असेल तर नव्हते.

एकाच बाबतीत दोघींचं पटत नव्हतं, आणि ते म्हणजे खिडकी. हिवाळ्याचे दिवस. आई रीतीप्रमाणे खोली गच्च बंद करून, कानाला फडकं बांधून, शेगडीवर ओव्याची धुरी घेत बसायची. उम्म राशिद आली की पातेलं खाली ठेवायच्या आधी खिडकी उघडायची. ती गेली की आई बंद करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकीने दुसरीला कधी अक्षराने विचारलं नाही. आई संध्याकाळी बाबांना म्हणायची, “बाई देवमाणूस आहे, पण बाळंतिणीचं काही कळत नाही तिला.” बाबा वर्तमानपत्राआडून हं म्हणायचे.

तर अशा उम्म राशिदच्या त्या मेंढ्या होत्या. सात. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या मेंढ्यांचाच हा वंश, आणि नवऱ्याचा किंवा मुलाचा त्यावर काही हक्क नाही, हे ती पुन्हा पुन्हा सांगायची. खजुराच्या झावळ्यांचा गोठा, त्यात या सातजणी. सगळ्यांना नावं होती. सर्वांत म्हातारी शम्मा, कपाळावर काळा डाग असलेली, डोळ्यांत कायम तक्रार. रोज संध्याकाळी उम्म राशिद त्यांच्यात बसून कुणाशी काय ते बोलत असायची. मंदार तीन वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात सातही गाभण होत्या आणि दिवस भरत आले होते. आणि नेमकं तेव्हाच अबू राशिदच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, छातीत दुखायला लागलं.

राशिद अबूधाबीहून गाडी घेऊन आला. नवऱ्याला दुबईच्या हॉस्पिटलमध्ये नेऊन ठेवायचं, किती दिवस ते इन्शाल्ला. समुद्राकडून काळे ढग चढत होते. उम्म राशिद गाडीत बसता बसता उतरली आणि आमच्या दारात आली. मी तिला घाबरलेली त्या एकाच दिवशी पाहिली.

“उम्म नीता, पानी आएगा. मेरा गनम बच्चा देगा. रेहमत का पानी है, पर गनम को ठंडा करेगा, मारेगा. तुम देखेगा?”

“तुम जाओ,” आई म्हणाली. “भाई को देखो. मेंढी को मैं देखूँगी. एक बूँद नहीं लगने दूँगी.”

गाडी गेली. आई पदर खोचून म्हणाली, “माझं बाळंतपण तिने केलं. तिच्या मेंढ्यांचं मी करणार.” आणि आत जाऊन तिने मेथ्या भिजत घातल्या.

इथला पाऊस म्हणजे वर्षातून चार वेळा येणारा पाहुणा. येतो तेव्हा मात्र त्याला कुठे बसवावं कळत नाही. हमरियाची जमीन वाळूखाली खारट, सपाट आणि कठीण. पाणी आत मुरत नाही, नुसतं उभं राहतं. दुपारपर्यंत उम्म राशिदच्या अंगणाचं तळं झालं. झावळ्यांच्या गोठ्यातून पाणी गाळणीतून पडावं तसं पडत होतं आणि सातजणी एका कोपऱ्यात एकमेकींत डोकी खुपसून उभ्या. बाबा वर्कशॉपला गेलेले, रस्त्यावर पाणी, ते येण्याची आशा नव्हती. आईने छत्री माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “यल्ला, चल, स्टोअर उघड.”

मेंढीला ढकललं तर ती जात नाही, ओढलं तर बसते, ही माहिती आम्हाला त्या दिवशी मिळाली. आई त्यांना “चला गं बायांनो, चला” म्हणत होती, मी “तआल, तआल” म्हणत होते, मंदार खिडकीतून टाळ्या वाजवत होता. शेवटी आईने घरातून शिळं खुबूस, तिकडची रोटी, आणलं आणि शम्माच्या नाकापुढे धरलं. शम्माने ते एकदा हुंगलं आणि सासुरवाडीला निघालेल्या जावयाच्या थाटात चालायला लागली. मागोमाग सहाजणी. चिंब भिजून, गुडघाभर चिखलात, आम्ही ती वरात आमच्या अंगणात आणली.

स्टोअर म्हणजे सिमेंटच्या विटांची लांबट खोली, वर पत्रा. एका बाजूला डक्टचे तुकडे, इन्सुलेशनचे गुंडाळे, मशिनांची रिकामी लाकडी खोकी. एक दार, एक खिडकी, भिंतीच्या वरच्या अंगाला एक जाळी. बाबांनीच ती बसवून घेतली होती. आईने खोलीवर एक नजर टाकली आणि कामाला लागली. खिडकीला प्लास्टिक ठोकलं. जाळीत गोणपाट कोंबलं. दाराच्या फटींत जुनी साडी. जमिनीवर गोधड्या आणि पोती. मेथी, गूळ आणि कोंड्याचे गोळे करून घमेल्यात ठेवले. मेंढ्यांना शेपटीपर्यंत जुन्या टॉवेलांनी पुसलं. त्यांना ऊन पाण्याने न्हाऊ घालावं का, यावरही तिने गंभीरपणे विचार केला, पण टॉवेल संपले होते. मग मधोमध शेगडी, तिच्यावर ओवा आणि लसणाच्या साली. शेवटी ती बाबांचा मफलर घेऊन आली आणि शम्माचे दोन्ही कान त्यात बांधून हनुवटीखाली गाठ मारली.

“सगळ्यांत वयस्कर आहे,” आई म्हणाली. “हिला जपायला हवं.”

मफलर बांधलेली शम्मा आमच्याकडे बघत होती. मला तेव्हा हसू आवरत नव्हतं. पण खरं सांगते, ती खोली सुंदर दिसत होती. बाहेर पत्र्यावर पावसाचा ताशा, आत उबदार धूर, ओव्याचा वास, आणि सात पोटुशा मेंढ्या रवंथ करताहेत. आई दाराशी उभी राहून समाधानाने बघत होती. तिला कुणाचं तरी बाळंतपण करायला मिळालं होतं. स्वतःच्या बहिणींची, वहिन्यांची सगळी बाळंतपणं ती इथे असल्यामुळे हुकली होती, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं होतं की ती मेंढ्यांवर जरा जास्तच खूश आहे.

दुसऱ्या सकाळी दार उघडलं तर डोळ्यांना झोंबलं. आई म्हणाली, शेगडीचा धूर असेल. पाऊस चालूच होता. आत दोघीतिघी खोकत होत्या, म्हाताऱ्या माणसासारखा कोरडा, हळू खोकला. “बघ, तरी थंडी बाधलीच,” असं म्हणून आईने शेगडीत कोळसे वाढवले. तेवढ्यात माझ्या मानेवर टपकन थेंब पडला. वर पाहिलं तर पत्र्याला खालून ओळीने थेंब लटकत होते, इथून तिथून सगळीकडे. छत गळत होतं! आईच्या तोंडचं पाणी पळालं. एक थेंब लागू देणार नाही असं तिने सांगितलं होतं. आम्ही घरातली पातेली, परात, मंदारचा टब, सगळं आणून मांडलं. जिथे पत्रा आणि भिंत मिळतात त्या नागमोडी फटींत आईने इन्सुलेशनचा कापूस बोटबोट कोंबला, की पाणी शिरायला जागाच नको. जितकं बंद करत गेलो तितकं जास्त गळायला लागलं. पोती ओली झाली. ती बदलली, पुन्हा ओली. दुपारनंतर शम्मा खाली बसली ती उठेना. गूळ-मेथीचा गोळा तोंडाशी धरला तर मान फिरवली. बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. बाकीच्या तोंडं उघडी टाकून उभ्या होत्या.

आई तिच्याजवळ पोत्यावर बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “शम्माबाई,” ती म्हणत होती, “असं नका करू. मी काय तोंड दाखवू तिला?” माझ्या आईला मी रडताना फारसं पाहिलेलं नाही. त्या दिवशी ती रडत होती की डोळ्यांना झोंबत होतं, हे मी ठरवू शकले नाही. दोन्ही असावं.

बाबा आले ते तिसऱ्या दिवशी, जेवणवेळेच्या सुमारास. कंपनीची पिकअप हायवेलाच थांबली होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन ते पाण्यातून चालत आले. घरात कुणी नाही म्हणून मागे आले आणि स्टोअरचं दार उघडलं. उघडलं आणि दोन पावलं मागे गेले.

“अगं!” ते म्हणाले. “हे काय? तुम्ही दोघी आत श्वास कसा घेताय?”

“अहो, आधी ते दार लावा! छत गळतंय. सगळीकडून गळतंय. तुमच्या कंपनीला एक धड पत्रा टाकता येत नाही?”

बाबांनी वर पाहिलं. मग बाहेर गेले, शिडी लावून भर पावसात पत्र्यावर चढले. वरून त्यांच्या पावलांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. खाली येऊन त्यांनी खिशातला रुमाल काढला, आतून पत्र्यावर फिरवला, हुंगला. आमच्या घरात वर्तमानपत्राआड बसणारा माणूस तो हा नव्हे. साइटवर लोक ज्याला साहेब म्हणत असतील तो माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

“छत गळत नाहीये,” ते म्हणाले. “एक भोक नाही वर. छताला घाम आलाय. डक्ट स्वेट होतो ना, तसा. हे पाणी बाहेरून आलेलंच नाही, हे या सातजणींच्या श्वासाचं आहे. श्वास, मुताची वाफ आणि तुझ्या शेगडीचा धूर. जायला जागा नाही म्हणून वर जातंय, गार पत्र्याला लागून खाली पडतंय. तेच पाणी, तीच हवा, दोन दिवस त्या परत परत आत घेताहेत. सगळं उघड आधी.”

“उघडू?” आई उभी राहिली. “दिवस भरलेल्या आहेत त्या! बाहेर हे असं वारं. बाळंतिणीला वारं लागलं म्हणजे काय होतं, तुम्हाला काय कळणार?”

“बाळंतिणीचं मला नाही कळत. हवेचं कळतं.” बाबांचा आवाज चढला नव्हता. “वारं अंगावरून नको, हे तुझं बरोबर आहे. डोक्यावरून जाऊ दे. मी करून देतो. पण आत्ता उघड, नाहीतर ही म्हातारी संध्याकाळ बघत नाही.”

आईने शम्माकडे पाहिलं. मफलर कधीच सुटून गळ्यात आला होता. मला वाटलं आता मोठं भांडण होणार. आई खाली वाकली. तिने पदराने शेगडीचे कान धरले, ती उचलली, अंगणात नेऊन पावसात ठेवली. केवढ्यांदा चर्र झालं. मग परत येऊन तिने दारातली साडी ओढून काढली, खिडकीचं प्लास्टिक टरकावलं, आणि जाळीतलं गोणपाट काढायला मला खांद्यावर घेतलं. मी चौदा वर्षांची घोडी, पण घेतलं.

पुढचे काही तास आमच्या अंगणात जे चाललं होतं ते बघायला उम्म राशिद हवी होती. बाबांनी पत्र्याखालच्या फटींतला सगळा कापूस उपसला. दाराचे आडवे दोन तुकडे केले, खालचा बंद, वरचा उघडा. डक्टचा एक वाकडा तुकडा, कुठल्याशा मोठ्या हॉटेलसाठी चुकीच्या मापाचा झालेला, त्यांनी भिंतीच्या वरच्या भोकात तोंड खाली करून बसवला, म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि वाफ बाहेर जाईल. खिडकीला मेंढ्यांच्या उंचीपर्यंत फळी मारली, वरचा भाग मोकळा. आई आणि मी ओल्या गोधड्या, पोती बाहेर काढली. खोक्यांमध्ये मशिनांभोवती भरलेला लाकडाचा भुसा होता, कोरडा खडखडीत, तो जाडसर पसरला. बाबा हातोडी मारता मारता चक्क गाणं गुणगुणत होते. माझ्या वडिलांनी शारजात, दुबईत केवढाल्या इमारती थंड केल्या, पण त्यांनी मला कधी बोट करून दाखवलं असेल तर ते हमरियाचं स्टोअर.

संध्याकाळपर्यंत छताचे थेंब सुकले. पाऊस तसाच पडत होता आणि मेंढ्या कोरड्या होत्या. हवा खारी, गार, ओल्या वाळूच्या वासाची. खोकला थांबायला दुसरा दिवस उजाडला. त्या सकाळी आई आत गेली तेव्हा शम्मा उभी होती आणि मफलर खात होती.

त्याच दिवशी दुपारी ती व्याली. बाकी सगळ्यांनी तोंड फिरवून तिला कोपरा मोकळा करून दिला, एखाद्या घरातल्या बायका करतात तसा. पहिलं कोकरू आलं ते हललंच नाही. आईने त्याला पुसलं, चोळलं, पुन्हा चोळलं. मग टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवलं. तेवढ्यात दुसरं आलं, मुठीएवढं, ओलं, तेही गप्प. आईने बोटाने त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, भुशाने खसाखसा चोळलं आणि मोठ्याने म्हणाली, “घे श्वास! हवा आहे आता, घे!” त्याने शिंकल्यासारखं केलं. मग एक फाटका, बारीक आवाज काढला. शम्मा वळली आणि चाटायला लागली. बाबा अर्ध्या दाराच्या बाहेर, छत्री घेऊन उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पाऊस फार आहे म्हणाले.

उम्म राशिद परत आली तोवर पाणी ओसरलं होतं आणि आणखी दोघी व्याल्या होत्या. अबू राशिदला बरं होतं, हॉस्पिटलने सोडलं होतं. ती आपल्या घरात न जाता आधी आमच्या अंगणात आली. आईने तिला स्टोअरपाशी नेलं आणि कोकरं दाखवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बंद केलेली खिडकी, शेगडी, खोकला, शम्मा खाली बसली ते. “एक बच्चा नहीं बचा,” आई म्हणाली. “शम्मा का. मेरी वजह से गया होगा. मैंने सब बंद किया था.”

उम्म राशिद आत गेली. शम्माच्या तोंडाला, कासेला हात लावून पाहिलं. जिवंत कोकरू उचलून त्याचे पाय मोजल्यासारखे चाचपले. मग तिची नजर वर गेली, त्या डक्टच्या वाकड्या तुकड्यावर, खिडकीच्या उघड्या अर्ध्या भागावर, अर्ध्या दारावर. आणि ती हसायला लागली. बुरख्यामागे, पोट धरून, खांदे हलेपर्यंत.

“उम्म नीता! तुम मंदार के टाइम भी ऐसा किया. मैं रोज खोलता, तुम रोज बंद करता. मैं बोला, ये औरत खुद को मारेगा, बच्चे को मारेगा. इसलिए मैं रोज आया. खाना तो अबू राशिद भी ला सकता था. मैं खिड़की खोलने आया.”

आईने त्या अर्ध्या उघड्या खिडकीकडे पाहिलं.

“बच्चा गया, खलास. अल्लाह का था,” उम्म राशिद म्हणाली, आता हळू. “शम्मा बूढ़ा है. दो बच्चा उसको हर बार भारी होता. तुम पानी में गया, मेरा गनम लाया. मेरा घर का कोई नहीं था, तुम था. और क्या चाहिए?” आणि तिने मेंदीच्या बोटांनी आईचे दोन्ही गाल धरले, लहान मुलीचे धरावे तसे.

बाबा मागे उभे होते. आईने त्यांच्याकडे वळून पाहिलं. सव्वा महिना घरात रोज चाललेलं ते खिडकीचं युद्ध त्यांनी बघितलं होतं, आणि हवा हा त्यांचा धंदा. “तुम्ही तेव्हा का नाही बोललात?” आईने विचारलं. बाबा म्हणाले, “ती रोज उघडतच होती की.”

बाबा आता नाहीत. उम्म राशिदही गेली. शेवटपर्यंत दर हिवाळ्यात तिच्याकडून रशादची पुडी यायची, आणि आईकडून डिंकाचे लाडू जायचे. माझं स्वतःचं बाळंतपण पुण्याला सासरी झालं, तिथे सगळं बंद होतं आणि आईचं काही चाललं नाही. पण मी मोठी झाले ती अशा घरात, जिथे त्या हिवाळ्यानंतर वरची खिडकी कायम उघडी असायची, आणि माझ्या आईबाबांसारखी माणसं व उम्म राशिदसारखी शेजारीण मला मिळाली. देवाकडे मागायचं म्हणून आता माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही.

या हिवाळ्यात माझ्या लेकीला, ईशाला, मुलगी झाली. ती हॉस्पिटलमधून आमच्याकडे आली त्या दिवशी शारजात असाच पाऊस. खाली रस्त्यावर गाड्या पाण्यात उभ्या. ईशाच्या सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होत्या, खोली कशी ठेवायची ते सांगत होत्या. आई काठी टेकत आत आली. पणतीच्या पाळण्यात एकदा डोकावली. मग खिडकीपाशी गेली आणि हँडल फिरवून वरच्या बाजूने ती वीतभर कलती केली.

“आजी, इट्स पोअरिंग! शी विल कॅच अ कोल्ड,” ईशा म्हणाली.

“अंगावरून नाही जात वारं. डोक्यावरून जातंय,” आई म्हणाली आणि खुर्चीत बसली.

फोनमधून सासूबाईंचा आवाज आला, “अहो आजी, बाळंतिणीची खोली आहे ना ती? खिडकी उघडी कशी?”

आईने माझ्या हातातला फोन घेतला, चेहऱ्यासमोर धरला आणि शांतपणे सांगितलं, “आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडीच ठेवतात. पूर्वीपासून.”